महामाया मिस्त्रीची खाच

महामाया सोनकांबळे मला पहिल्यांदा दिसली ती लातूरच्या गंजगोलाईत, एका हार्डवेअरच्या दुकानात. मी दाराची कडी घ्यायला गेलो होतो. माझ्या पुढे तिशीच्या आतली एक बाई उभी होती. निळा पंजाबी ड्रेस, पाठीवर सॅक, केस घट्ट बांधलेले. ती राउटरचं बिट मागत होती. राउटर म्हणजे लाकडात खाच पाडायचं, हातात धरायचं विजेचं यंत्र, आणि बिट म्हणजे त्याच्या तोंडात बसवायचं फिरतं पातं, हे मला तिथं उभ्या उभ्याच कळलं.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, मिस्त्रीनं चिठ्ठी दिलीय का?"

"न्हाई."

"मग मिस्त्रीला फोन लावा. नेमकं विचारून घ्या. एकदा नेलं की परत घेत न्हाई मी."

"तुम्हीच लावा की. नंबर घ्या."

तिनं नंबर सांगितला. दुकानदारानं लावला. तिच्या सॅकमधला फोन वाजायला लागला. तिनं तो शांतपणे काढला, कानाला लावला आणि दुकानदाराकडे बघतच बोलली, "हॅलो. हां, मिस्त्रीच बोलायलेय. अर्धा इंच दांडी, अठरा एमएम, दोन पाती, कार्बाइडचं. टोकाला धार पायजे. समजलं का?"

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. सगळी हसली. दुकानदारही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. त्यानं सारवासारव म्हणून एक लाकडी पेटी पुढे ठेवली. आत बारा तऱ्हेची बिटं होती. गोल, नागमोडी, कोनाची.

"ही पेटी आहेरात द्यायला बरी," ती म्हणाली. "मला नक्षी करायची न्हाई. सरळ खाच पाडायचीय. सरळ बिटं दाखवा."

मग तिनं सरळ बिटं बघितली, आणि मी कडी विसरून ते बघत राहिलो. बारीक दांडीची तिनं एका बाजूला सारली. लांब पात्याला बारीक दांडी असली की ते थरथरतं, म्हणाली, आणि खाचेची कड दातरते. एक उलटं धरून टोक बघितलं. टोकाला धार नव्हती. असलं बिट कडेनं आत शिरतं, पण वरून खाली उतरवायला गेलं तर लाकूड जाळतं. एकाचं पातं दांडीवर जिथं झाळून जोडलं होतं तिथं बारीक भोक दिसलं, ते परत केलं. शेवटी एकाच्या धारेवर अंगठ्याचं नख हलकेच ओढलं. नखाचा पापुद्रा निघाला. तेवढं एक तिनं घेतलं.

चौतीस वर्षं मी गणित शिकवलं. एवढं निवडून, पारखून काही घेणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. पायऱ्या उतरताना मी तिला गाठलं.

"तुम्ही कुठल्या?"

"उदगीरची. स्टेशनच्या रस्त्याला दुकान हाय माझं. तुमचं काही काम हाय का, सर?"

"सर आहे हे कसं ओळखलं?"

"खिशाला दोन पेन हायत. एक लाल."

काम होतं. किल्लारीत आम्ही काही जणांनी वाचनालय उभं करायचं ठरवलं होतं. पुस्तकं जमली होती, शाळेच्या एका खोलीत पोत्यांत पडून होती. वाचनालयासाठी वेगळी खोली मिळाली, फरशी झाली. राहिली होती कपाटं. मी तिला किल्लारीला बोलावलं.

ती येण्याआधी तिच्याबद्दल मला थोडं कळलं होतं, थोडं तिनंच पुढं सांगितलं. तिचे वडील केरबा उदगीरच्या एका आरामशीनवर हमाल होते. तीस वर्षं त्यांनी ओंडके वाहिले. आई सरजाबाई शेतात रोजानं जायची. महामायानं आयटीआयला सुतारकामाचा ट्रेड घेतला, वर्गात ती एकटीच मुलगी. पास झाली, पण कोणी कामावर घेईना. शेवटी लाडलेसाब उस्तादांनी घेतलं. ते उदगीरचे जुने सुतार. त्यांचे गुडघे गेले होते आणि त्यांना हात हवे होते. ते हात बाईचे आहेत की कोणाचे, याचा त्यांना विचार करायला वेळ नव्हता. पाच वर्षांनी तिनं स्वतःचं दुकान काढलं. पाटीवर नाव लिहून घेतलं तेव्हा रंगारी म्हणाला होता, नुसतं 'फर्निचर' लिहू, बरं दिसतं. तिनं 'मिस्त्री' लिहायला लावलं.

वाचनालयाच्या समितीत आम्ही पाच जण होतो. अध्यक्ष सिद्धलिंगअप्पा. वय ऐंशीच्या पुढे. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटे त्यांच्या घरातली चार माणसं गेली. कोण कोण, ते अप्पा सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. दुसरा शिवकुमार, बांधकामाची छोटी कामं घेणारा, जिभेनं तिखट. खोलीची फरशी त्यानंच बसवली होती. कपाटांऐवजी लातूरहून पत्र्याचे तयार रॅक आणावेत असं त्याचं म्हणणं होतं.

महामाया पहिल्यांदा आली तेव्हा शिवकुमारनं तिचं आडनाव विचारलं, आणि ऐकल्यावर म्हणाला, "मग सुतारकी तुमच्यात कवापासून?"

"माझ्यापासून," ती म्हणाली, आणि टेप काढून भिंत मोजायला लागली.

अप्पांची एकच अट होती. कपाट छातीच्या वर जायचं नाही. आमच्या गावात डोक्याच्या वर जड काही ठेवत नाहीत. भूकंपाला बत्तीस वर्षं झाली, घरंही नवी झाली, तरी माळ्यावर पितळी हंडा ठेवणारं घर तुम्हाला सापडणार नाही. मला वाटलं ती वाद घालेल, कारण भिंत उंच होती आणि पुस्तकं खूप. तिनं वाद घातला नाही. अप्पांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाशी टेप धरला आणि आकडा लिहून घेतला.

पाच कपाटं ठरली. तीस सप्टेंबरला, भूकंपात गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, वाचनालय उघडायचं होतं.

अठरा सप्टेंबरला ती टेम्पोत पहिलं कपाट घेऊन आली. बाकीच्या चारांच्या बाजूही खाचा पाडून आणल्या होत्या, इथं नुसत्या जोडायच्या होत्या. सोबत लाडलेसाब उस्ताद होते, शिष्येचं काम बघायला हौसेनं आलेले. शाळेच्या व्हरांड्यात कपाट जोडलं. उभ्या बाजूंना आडव्या खाचा आणि त्या खाचांत सरकवलेल्या फळ्या. एक खिळा दिसत नव्हता. मला फार सुंदर वाटलं.

अप्पांनी पिशवीतून तांब्या आणि फुलपात्र काढलं.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. भूकंपानंतर महिनोन् महिने जमीन हलत होती. तेव्हा लोक झोपताना उशाशी तांब्या ठेवायचे आणि त्याच्या तोंडावर फुलपात्र पालथं घालायचे. जमीन जराशी हलली की फुलपात्र वाजायचं, आणि माणसं उठून दाराकडे पळायची. बाकीच्यांनी ते कधीच सोडलं. अप्पांनी सोडलं नाही. घरात कोणतीही नवी वस्तू आली, टेबल असो की पलंग, ते त्यावर तांब्या-फुलपात्र ठेवतात आणि तळहातानं वस्तूला एक धक्का देतात. वाजलं तर ती वस्तू परत.

त्यांनी मधल्या फळीवर तांब्या ठेवला, वर फुलपात्र पालथं घातलं, आणि कपाटाला कडेनं एक चापट दिली.

फुलपात्र खणखणलं.

महामाया वाकली, फळी वरखाली हलवली. फळी हलत होती. अगदी थोडी, पण हलत होती. तिनं माझ्या खिशातलं पोस्टकार्ड मागितलं आणि फळी आणि खाचेच्या मधे सरकवलं. ते सहज आत गेलं.

चूक कुठं झाली ते तिला तिथंच कळलं. प्लायवूडवर अठरा असा शिक्का होता. तिनं अठराचं बिट घेतलं, अठराची खाच पाडली. पण प्लाय अठरा नव्हतं. शाळेतून जाडी मोजायचं व्हर्नियर आणून मी मोजलं: एक फळी सतरा पूर्णांक दोन दशांश, दुसरी सतरा पूर्णांक चार दशांश. एका शिक्क्याच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या नव्हत्या.

उस्तादांच्या हाताखाली ती कडुनिंब आणि बाभळीवर शिकली होती. तिथं लाकूड नेहमी खाचेपेक्षा जरा जाडच ठेवायचं, आणि रंधा मारून मारून खाचेत घट्ट बसेपर्यंत उतरवायचं. लाकूड कमी पडेल ही भीती त्या धंद्यात कुणाला नव्हतीच. प्लायला रंधा लागत नाही, आणि जे आधीच कमी आहे ते उतरवणार कुठून? बिट निवडताना तिनं सगळं पारखलं होतं. फळीचा शिक्का तेवढा पारखला नव्हता.

"चार-चार खिळे ठोका, संपला विषय," शिवकुमार म्हणाला.

उस्ताद खुर्चीतून म्हणाले, "बेटी, परेशान नक्को हो. भुसा और सरस भर दे फट में. ऊपर से पॉलिश मार. कोन देखता?"

"तांब्या देखता, उस्ताद," ती म्हणाली.

"सरस भरेगी तो नई बजेगा."

"आज न्हाई वाजणार. दोन उन्हाळ्यांनी सरस सुकंल, भुसा गळंल, मग वाजंल. इथं कुणीतरी म्हातारं माणूस वाचत बसलेलं असंल. ते आवाज ऐकून दाराकडं पळंल, पायरीवर पडंल. माझ्या कामामुळं या गावात कुणी पळायचं न्हाई." तिनं पोस्टकार्ड काढून मला परत दिलं. "खिळा लागणार न्हाई. भुसा भरणार न्हाई. या दहाच्या दहा बाजू मी परत नेते. नव्या करते."

"बारा दिवस राहिलेत बाई," शिवकुमार म्हणाला. "मी रॅक सांगून ठेवतो लातूरला. ज्याचं काम त्यानं करावं म्हणून मी आधीच म्हणत होतो."

"सांगून ठेवा. पैसे मात्र भरू नका, परत मिळायचे न्हाईत."

"आणि परत वाजलं तर?"

"तर उदगीरच्या दुकानाची पाटी उतरवून तुमच्या दारात आणून टाकते. चुलीत घाला."

"आमच्याकडं गॅस हाय."

"मग गॅसवर ठेवा. पण न वाजलं तर तुम्ही काय करता, ते बी सांगा की."

शिवकुमार हसला. "न वाजलं तर सगळी पुस्तकं मी लावतो. पोती माझ्या डोक्यावरून."

"सर, तुम्ही ऐकलं," ती मला म्हणाली.

अप्पांनी तांब्या पिशवीत घातला आणि तिला म्हणाले, "पोरी, अठ्ठावीसला येतो मी. तवर रॅक सांगायचे न्हाईत." शिवकुमारनं तोंड उघडलं, पण अप्पांच्या पुढे आमच्यात कुणी बोलत नाही.

चार दिवसांनी ती नवं प्लाय आणि यंत्रं घेऊन आली. काम इथंच करणार म्हणाली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. रोज सकाळच्या पहिल्या गाडीनं यायची, संध्याकाळी परत. सरजाबाईंनी बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा व्हरांड्यातच खायची. येणारे-जाणारे थांबायचे. बायाही थांबायच्या. एक जण म्हणाली, "हात कापून घेशील बाई." ती म्हणाली, "कापला तर माझाच हाय."

मी तिला विचारलं, "आता सतराचं बिट घेतलंत का?"

"सतराचं घेतलं तर फळी शिरणार न्हाई. सतरा-पावचं दुकानात मिळत न्हाई. आणि मिळालं तरी दुसरी फळी सतरा पॉइंट चार. किती बिटं घेऊ?" तिनं नवं बिट दाखवलं. बारा एमएमचं, सरळ, पण पात्याच्या वर त्याच मापाचं एक लहान बेअरिंग बसवलेलं. "आता आकड्याला विचारायचंच न्हाई. फळीलाच विचारायचं."

तिनं जे केलं ते इतकं साधं होतं, की मला माझ्या चौतीस वर्षांच्या गणिताची जरा लाजच वाटली. उभ्या बाजूवर तिनं दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवल्या. त्यांच्या मधे, जी फळी त्या खाचेत बसायची तीच उभी धरली. पट्ट्या फळीला दोन्हीकडून टेकवल्या, शिकंज्यांनी आवळल्या, आणि फळी वर काढून घेतली. आता दोन पट्ट्यांमधली जागा म्हणजे त्या फळीची जाडी, ना केसभर जास्त, ना कमी. राउटर त्या जागेत उतरवला. वरचं बेअरिंग पट्टीला टेकून चालायचं, खालचं पातं पट्टीच्या रेघेत कापायचं. एकदा या पट्टीच्या कडेनं, एकदा त्या पट्टीच्या. खाचेची खोलीही एकदम नाही, तीन खेपांत.

"एकदम का नाही उतरवत?"

"मोठा घास घेतला की घशाला लागतो. यंत्र ओरडतं, लाकूड करपतं."

ढकलायची बाजूही ठरलेली होती. पातं ज्या दिशेला ओढतं त्याच्या उलट ढकलायचं. मी म्हटलं, त्याच्याच बाजूनं ढकललं तर सोपं नाही का जाणार? "सोपं जातं," ती म्हणाली. "मग तेच आपल्याला ओढत नेतं, आपण त्याला न्हाई."

प्रत्येक फळीवर आणि तिच्या खाचेवर तिनं पेन्सिलीनं एकच आकडा घातला. ही फळी दुसऱ्या खाचेत चालणार नव्हती. सव्वीस तारखेला उस्ताद पुन्हा आले. त्यांनी एक फळी खाचेत बसवायला घेतली. हातानं अर्धी गेली, मग अडली. लाकडी हातोड्याचे तीन ठोके लागले. मग त्यांनी ती ओढून बघितली. निघाली नाही. उस्तादांनी तिच्या पट्ट्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या.

"मेरे कू किसी ने नई सिकाया ये," ते म्हणाले.

"तुम्हाला लागलंच कुठं उस्ताद? तुमचं लाकूड जाडच असायचं."

अठ्ठावीसला सकाळी पाचही कपाटं वाचनालयाच्या खोलीत भिंतीला लागली. निम्मं गाव दारात होतं. अप्पा आले, पिशवी घेऊन. पहिल्या कपाटाच्या वरच्या फळीवर तांब्या, त्यावर फुलपात्र. चापट. आवाज नाही. मधली फळी. नाही. खालची. नाही. अप्पांनी काही वगळलं नाही. दुसरं कपाट, तिसरं, चौथं. महामाया खिडकीशी हाताची घडी घालून उभी होती. चेहरा तसाच, पण उजव्या हाताची बोटं डाव्या दंडात रुतली होती.

पाचव्या कपाटाची पहिलीच फळी. चापट.

खण्ण.

"झालं!" शिवकुमार म्हणाला. "पाटी कधी आणता?"

दारातली काही माणसं हसली. मी महामायाकडे बघू शकलो नाही. ती पुढे आली, फळी दोन्ही हातांनी धरून हिसकली. फळी हलली नाही. दुसरी हिसकली. तीही नाही. तिनं कपाट बाजूनं धरलं, आणि ते अख्खं उजव्या पायाकडे किंचित खाली गेलं आणि वर आलं.

"अप्पा, तांब्या द्या जरा."

तिनं कपाट हातभर पुढे ओढलं आणि तांब्या-फुलपात्र सरळ जमिनीवर ठेवलं, जिथं कपाटाचा पाय होता त्या फरशीवर. मग चप्पल काढली आणि फरशीच्या कडेवर टाच दाबली.

खण्ण.

पुन्हा दाबली. पुन्हा वाजलं. फरशी खाली पोकळ होती. अप्पांनी काठीनं ठोकून बघितली, मग शेजारची ठोकली. दोन आवाजांत फरक होता तो दारातल्या पोरासोरांनाही कळला.

"फरशी कुणी बसवली?" अप्पांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

आता जे हसू झालं ते आधीच्यापेक्षा मोठं होतं. शिवकुमार दुसऱ्या फरशीकडे बघत म्हणाला, "माल कमी पडला आसंल एखाद्या ठिकाणी."

"भुसा भरून टाका," महामाया म्हणाली. "वरून पॉलिश मारा. कोन देखता?"

लाडलेसाब उस्ताद त्या दिवशी नव्हते. असते तर सगळ्यांत जास्त तेच हसले असते. शिवकुमारनं त्याच दुपारी फरशी काढून नव्यानं बसवली, स्वतःच्या हातानं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी पाचवं कपाट पुन्हा तपासलं. एकदा नाही, तीनदा. मग तांब्या पिशवीत ठेवला आणि तिला म्हणाले, "पोरी, माझ्या घरी एक मांडणी करशील? छातीएवढी."

"करते की अप्पा. बटण दाखवा, दुसरंच ना?"

पुस्तकांची पोती शिवकुमारनं वाहिली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. डोक्यावरून नाही, खांद्यावरून. पण सगळी वाहिली. लावताना त्यानं निम्मी पुस्तकं उलटी लावली, ती मी नंतर सरळ केली. तीस तारखेला वाचनालय उघडलं. महामाया त्या दिवशी आली नाही. तिला दुसरं काम होतं.

आता ती जळकोटकडच्या एका शाळेचे बाक करते आहे. परवा प्लाय घ्यायला लातूरला आली तेव्हा मीही सोबत गेलो होतो. दुकानदारानं अठराचं प्लाय पुढे केलं. तिनं सॅकमधून स्वतःचं व्हर्नियर काढलं आणि चारही कोपरे मोजले. उदगीरला स्टेशनच्या रस्त्याला तिच्या दुकानावर पाटी आहे: महामाया केरबा सोनकांबळे, मिस्त्री. दुकान सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उघडं असतं. मंगळवारी बंद.